सोळा रविवारांचा वसा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. मंडळात आजवर माझे काम सतरंज्या मोजून घेण्याचे आणि तिळगुळाचा हिशेब ठेवण्याचे. त्यामुळे चिटणीसबाईंनी ‘यंदा चार शब्द तुम्ही बोला’ असे सांगितले तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. परंतु त्यांनी विषय दिला तो हिवाळ्यात टेकड्यांवर चालण्याचा. गेले तीन हिवाळे मी दर रविवारी चालते आहे. जे पायांनी शिकले ते सांगायला विद्वत्ता लागत नाही, अशा धीराने उभी राहिले आहे. चुकल्यामाकल्याची क्षमा असावी.

आरंभ आपल्याच मंडळाच्या हळदीकुंकवापासून करते. त्या गोष्टीला आता चार वर्षे होत आली. संक्रांतीचे हळदीकुंकू होते आणि आपण साऱ्याजणी खाली सतरंजीवर बसलो होतो. वाण घेण्यासाठी माझे नाव पुकारले. मी उठू लागले, तर उठता येईना! एक हात जमिनीवर टेकला, दुसरा शेजारच्या बाईंच्या खांद्यावर ठेवला, तरी शेवटी दोघींनी मला धरून उभे केले. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले आणि रडले. तेव्हा माझे वय सत्तावन्न होते.

रडू आले त्याचे कारण निराळे होते. माझी आई चौऱ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हाड जुळले. परंतु आई पुन्हा चालली म्हणून नाही. मांडीत बळ उरले नव्हते आणि मनात पडण्याची धास्ती बसली होती. अंगणातल्या तुळशीपर्यंत दहा पावले, पण त्या दहा पावलांसाठीही ती कोणाच्या तरी हाताची वाट पाहत बसे. असे चौदा महिने गेले. मी तिची शुश्रूषा केली, त्याचे मला समाधान आहे. परंतु त्या दिवशी सतरंजीवर मला वाटले, मी त्याच वाटेला लागले आहे, आणि माझा हात धरायला जे कोण येईल त्याचा जन्मही असाच अडकून पडेल.

मग मी आपण सर्वजणी करतो तेच केले. गुढीपाडव्याला संकल्प सोडला की रोज पहाटे तासभर फिरायला जायचे. तो संकल्प रामनवमीही पाहू शकला नाही. भगिनींनो, रोजचा दिवस आपला नसतोच. तो दुधाच्या पिशवीचा, डब्यांचा आणि नळाच्या पाण्याचा असतो. त्यातून एक तास रोज ओढून काढायचा म्हणजे रोज भांडायचे, आणि रोज भांडायला माणूस कंटाळते.

तेव्हा मला माझ्या लग्नाआधीचे सोळा सोमवार आठवले. ते व्रत मी एकदाही मोडले नव्हते. मार्गशीर्षातले गुरुवारही आपण कोणी चुकवीत नाही. ते का निभते? वार ठरलेला असतो, संख्या ठरलेली असते, शेवटी उद्यापन असते आणि बरोबर चारचौघी असतात. मग चालण्याचेच तसे का करू नये? पंचांग काढून पाहिले. त्रिपुरी पौर्णिमेपासून होळीपर्यंत चार चांद्रमास, म्हणजे सुमारे ११८ दिवस होतात. त्यात सोळा रविवार निघतातच. आपल्या पुण्यात चालण्याला योग्य दिवसही तेच, कारण चिखल वाळलेला असतो, ऊन कोवळे असते आणि दहा वाजले तरी डोके तापत नाही. असा मी सोळा रविवारांचा वसा घेतला. माझ्यासह आम्ही तिघी होतो.

आता एक कबुली देते. पहिले तीन रविवार मी घरी सांगितले की पर्वतीला देवदर्शनाला जाते. देवाला जायला कोणाची ना नसते! चौथ्या रविवारी मुलाने विचारले, “आई, दर्शनाला तीन तास कसे लागतात?” तेव्हा मी म्हणाले, “दर्शन होतेच, पण मी जाते ती माझ्या पायांसाठी. आणखी बारा रविवार जाणार आहे.” घरात घटकाभर कोणी बोलले नाही. मग ह्यांनी विचारले, “मग सकाळचा चहा?” मी म्हटले, “पातेले ओट्याखाली आहे, साखर वरच्या फळीवर.” त्या दिवशीचा चहा कसा झाला ते मी सांगत नाही, आता मात्र ते माझ्यापेक्षा बरा करतात. सांगायचे इतकेच, की खोट्या निमित्तावर उभा केलेला नेम फार दिवस टिकत नाही. ‘मी माझ्या प्रकृतीसाठी जाते’ हे वाक्य पर्वतीच्या चढणीहून अवघड आहे. ते एकदा म्हणून टाकावे.

आता प्रत्यक्ष चालण्याविषयी. सोळा रविवारांचे आम्ही चार भाग केले. पहिले चार रविवार पर्वतीचे. नानासाहेब पेशव्यांच्या काळचे ते देवस्थान आपल्या दारातच म्हणायचे, आणि त्याच्या पायऱ्या आहेत १०३. पहिल्या रविवारी मी सात वेळा बसले. चौथ्या रविवारी न बसता चढले, खाली उतरले आणि पुन्हा एकदा चढले. त्यात पराक्रम काहीच नव्हता, चार आठवडे गेले होते इतकेच.

पाच ते आठ हे रविवार तळजाईच्या वनातले. तिथे चढण थोडी आणि चाल लांब. दीड-दोन तास न थांबता चालण्याची सवय तिथे लागते. नऊ ते बारा वेताळ टेकडीचे. पुणे शहराच्या हद्दीतले सर्वांत उंच ठिकाण तेच, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. म्हणजे शहराच्या रस्त्यांहून सव्वादोनशे मीटर तरी वर. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे, जुन्या दगडाच्या खाणीत पाणी साठलेले असते आणि सकाळी लवकर गेले तर मोरांची केका ऐकू येते. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरले की तीन-चार तास सहज जातात. तेरा ते पंधरा हे रविवार दिवसभराचे. शिदोरी बांधून एस. टी.ने सासवडच्या बाजूला जायचे आणि मल्हारगड चढायचा. हा गड १७५७ ते १७६० या काळात बांधला गेला. तो पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचा. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत हा अगदी शेवटी बांधलेला मानतात. चढ बेताचा आहे, नवशिक्या बायकांना भिववीत नाही. सोळावा रविवार उद्यापनाचा, सिंहगडावर!

किती वेगाने चालावे, असे पुष्कळजणी विचारतात. त्याला घड्याळ लागत नाही. चढताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलता येईनासे झाले तर पाऊल आवरावे. अभंग सुरात म्हणता येत असेल तर थोडे लांब टाकावे. आपल्या भजनी मंडळातल्या भगिनींना ही परीक्षा फार सोपी आहे.

चढणीची भीती सर्वांना वाटते, परंतु खरी काळजी उताराची घ्यावी. चढताना दम लागतो, पडायला होते ते उतरताना. पहिल्या वर्षी सहाव्या रविवारी तळजाईच्या उतारावर मी गप्पांच्या नादात भराभर पाय टाकले, मुरमावरून घसरले आणि घोटा मुरगळला. तीन रविवार बुडाले. “सांगितले होते ना!” हे घरातल्या प्रत्येकाने एकेकदा म्हणून घेतले. दहाव्या रविवारी मी पुन्हा पर्वतीच्या पहिल्या पायरीपासून सुरुवात केली आणि त्या वर्षीचा सिंहगड मला घडला नाही. तेव्हापासून उतरताना पाऊल आखूड टाकते, गुडघा किंचित वाकलेला ठेवते, हातात काठी धरते आणि तोंड बंद ठेवते. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण!

उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. पहिल्यांदा अशी दुखतात की पाटावर बसवत नाही. त्याला घाबरू नये. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार सावरतात. ह्या कामाची त्यांना सवय नसते म्हणून ते कुरकुरतात. पुढच्या दोन-तीन खेपांत दुखणे कमी होते. दुखणे ताणाचे आहे की सांध्याचे हे मात्र ओळखावे. गुडघा सुजला किंवा एका जागी टोचू लागला तर रविवार सोडावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

हाडांचेही तसेच आहे. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षे बाईची हाडे झपाट्याने विरळ होतात. अंगाचा भार पायांवर घेऊन चालणे, चढणे हे त्यावरचे एक उत्तम औषध आहे, कारण भार पडला की हाड स्वतःला राखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि पासष्टीनंतर तोल व बळ वाढविणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत. म्हणजे एका रविवारावर सगळे भागत नाही. आमचा नियम असा की मधल्या दोन दिवशी वीस-वीस मिनिटे जिना चढायचा, आणि रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना हात न टेकता एकदा खाली बसून उठायचे. दिवा रोज लागतोच, त्यामुळे हा नेम चुकत नाही.

दोन गोष्टी संकोच सोडून सांगते. पहिली पाण्याची. आडोसा मिळणार नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. थंडीत तहान कमी लागते, त्यामुळे हे अंगवळणी पडते आणि मग डोके दुखते, पायात गोळे येतात. आम्ही निघण्यापूर्वी आणि परतताना कुठे सोय आहे ते आधी विचारून ठेवतो, दोघीजणी मिळून आडोसा धरतो आणि पाणी पितो. लाज बाळगून आजारी पडण्यात काही शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. दुसऱ्या वर्षी आमच्यात आलेली एक भगिनी वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पर्वतीच्या तिसाव्या पायरीवर तिला धाप लागे, आणि आम्ही तिला ‘नाजूक’ म्हणून चिडवत असू. तपासणी केली तेव्हा रक्तातले हिमोग्लोबिन फार उतरलेले निघाले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे तिची काही एकटीची गोष्ट नव्हे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी ती आमच्या पुढे चढू लागली. तिला चिडवल्याची मला आजही लाज वाटते. म्हणून म्हणते, वसा घेण्याआधी रक्त तपासून घ्या. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा छातीची तक्रार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून निघू नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर जवळ ठेवावी.

बाकी सामान थोडे. घट्ट बसणारे आणि तळाला खाचा असलेले बूट, काठी, पाण्याची बाटली, टोपी किंवा रुमाल, गूळ-शेंगदाणे, आणि लांब जायचे असेल तेव्हा दशम्या व कोरडी चटणी. पोशाखाचा वाद आमच्यात महिनाभर चालला. शेवटी पाय मोकळा राहील तो पोशाख चांगला असे ठरले. माझ्या सासूबाई नऊवारीचा काचा मारून पर्वती चढत, त्यांना कधी अडचण आली नाही.

दुसऱ्या वर्षी सोळाव्या रविवारी आम्ही पाचजणी सिंहगडाला गेलो. आतकरवाडीची पायवाट धरली. नेहमीची माणसे तासा-सव्वातासात वर जातात. आम्हाला दोन तास चाळीस मिनिटे लागली. अर्ध्यावर आम्ही दम खात बसलो होतो, तेवढ्यात गडपायथ्याची एक बाई डोक्यावर भरलेली पाटी घेऊन झपझप वर गेली. जाताना हसून म्हणाली, “बसा बसा, गड कुठं पळून जात नाय.” तिला कोणी व्यायाम सांगितला नव्हता, तिचे ते पोट होते. आपण हौसेने जे चढतो ते कितीएक बहिणी रोज गरजेने चढतात, याची जाणीव त्या दिवशी झाली. वर पुणे दरवाज्याच्या तीनही कमानी ओलांडून गेलो, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीला नमस्कार केला, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाल्ले. तिथून पुण्याकडे पाहताना मला आईची ती दहा पावले आठवली.

काय कमावले, असे कोणी विचारील. खरे तेच सांगते. वजन दोनच किलो उतरले. मधुमेहाची गोळी सुटली नाही. पावसाळ्यात डावा गुडघा अजून बोलतो. परंतु यंदाच्या संक्रांतीला माझे नाव पुकारले तेव्हा मी सतरंजीवरून हात न टेकता उठले. कोणाच्या ते लक्षातही आले नाही, आणि मला तेच हवे होते.

आपण बायकांनी हे आता कुठे करावे, असे वाटणाऱ्यांना दोन नावे सांगते. जपानच्या जुन्को ताबेई यांनी १९६९ साली केवळ स्त्रियांचे गिर्यारोहण मंडळ स्थापन केले, आणि १९७५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळवला. म्हणजे आरंभ झाला तो एका महिला मंडळातूनच! आपल्याकडच्या जमशेदपूरच्या प्रेमलता अगरवाल ह्या संसारी गृहिणी. २०११ साली, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, त्या एव्हरेस्ट चढल्या. आपल्याला एव्हरेस्ट नको आहे. आपल्याला म्हातारपणी तुळशीपर्यंत आपल्या पायांनी जायचे आहे.

आता ज्यासाठी मी खरे तर उभी राहिले ते सांगून पुरे करते. पहिल्या वर्षी आम्ही तिघी निघालो असे म्हटले. त्या तिघींतली एक, जिने मला घोटा मुरगळल्यावर खांद्याचा आधार देऊन रस्त्यापर्यंत आणले, ती गेल्या हिवाळ्यात सहा रविवार आली आणि मग यायची थांबली. तिच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आहे. मुले परगावी आहेत. घरी चार तास बसायला दुसरे माणूस नाही. मी रविवारी तिच्या दारावरून जाते तेव्हा ती खिडकीतून हात करते. तिच्या पायांना वसा नको आहे असे नाही. तिचा रविवार तिच्याजवळ नाही.

भगिनींनो, आपण मंडळ म्हणवतो. भिशी चालवतो, हळदीकुंकू करतो, सहली काढतो. मग सोळा रविवार सकाळी चार-चार तास एका घरी दोघीजणींनी जाऊन बसणे आपल्याला अवघड आहे काय? ज्यांना प्रकृतीमुळे चालता येत नाही त्यांना हे सहज करता येईल. त्या घराचे मी विचारून ठेवले आहे. तिने आधी तीन वेळा ‘नको’ म्हटले आणि चौथ्यांदा काहीच म्हटले नाही. आणि असे घर एकच नसेल. आणखी दोन-तीन खिडक्या मला ठाऊक आहेत, तुम्हालाही असतील. व्रताच्या भाषेत सांगायचे तर चालणारीचे निम्मे पुण्य बसणारीला!

दाराशी टेबलावर दोन कागद ठेवले आहेत. एकावर चालणाऱ्यांनी नावे घालावीत, दुसऱ्यावर बसणाऱ्यांनी. पहिला कागद भरेल याविषयी मला शंका नाही. दुसरा भरला तर यंदाचा वर्धापनदिन सार्थकी लागला असे मी समजेन. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी जमायचे आहे. उजाडतच असेल, शाल आणावी.

आता, हात न टेकता, खाली बसते.